‘बसतंय ना, मग चालेल’ : पाणबुडीचे सुटे भाग बनवताना या चुका टाळा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) कुठल्याही शेडमध्ये दिवसातून दहा वेळा ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘चालशे’. गुजराती कारागीर म्हणतो ‘चालशे’, दांडिया बाजारातून येणारा मराठी सुपरवायझर म्हणतो ‘चालेल रे’, आणि माल खोक्यात जातो. पंपाचं कपलिंग असेल, औषध कारखान्याच्या टाकीचा फ्लँज असेल, तर बऱ्याचदा चालतंही. नाही चाललं तर ग्राहक फोनवर ओरडतो, दुसऱ्या दिवशी टेम्पोतून नवा नग जातो, विषय संपतो. सुकाणूच्या सिलिंडरमधला बुश दोनशे मीटर पाण्याखाली अडकला तर तिथे टेम्पो जात नाही.

आपल्या नौदलाच्या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्या तीन घराण्यांच्या. सिंधुघोष वर्ग रशियन, शिशुमार वर्ग जर्मन, आणि मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेला कलवरी वर्ग फ्रेंच आराखड्याचा. तिन्हींची मापं, आटे, रबर आणि कागद वेगवेगळे. २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाचं सृजन पोर्टल सुरू झालं आणि परदेशातून येणारे सुटे भाग इथे बनवायचं काम छोट्या कारखान्यांपुढेही आलं. हे चांगलंच झालं. पण ज्यांनी आजवर डेअरीचे व्हॉल्व्ह बनवले तेही ‘त्यात काय, बुशच तर आहे’ म्हणत सर्वांत कमी दर भरून मोकळे होतात, आणि मग त्याच त्या चुका नव्याने बघाव्या लागतात. सुकाणू आणि हायड्रोप्लेन (पाणबुडीला खाली-वर नेणारे आडवे पंख) हलवणारी हायड्रॉलिक्स, उच्च दाबाच्या हवेचे व्हॉल्व्ह, कोन दाखवणारे सिंक्रो, जायरोची (दिशा धरून ठेवणाऱ्या फिरत्या चक्राची) बेअरिंगं हा सगळा माल दिसायला साधा असतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

झिजलेला नमुना मोजून काढलेलं ड्रॉइंग

सगळ्यांत जास्त माल या एका चुकीपायी भंगारात जातो, म्हणून हे सविस्तर.

डेपोतून नमुना येतो. काळा पडलेला, कडेला चिरलेला, कधी अर्धाच. मूळ कंपनीचं ड्रॉइंग मिळत नाही, मिळालं तर रशियन भाषेत असतं. नवशिक्या व्हर्निअर काढतो, दांड्याचा व्यास घेतो, २४.९६ येतो, आणि ड्रॉइंगवर लिहितो २४.९६ ± ०.०१. ऑटोकॅडमधून छापून त्यावर सही-शिक्का पडला की त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागतं.

२४.९६ हे माप कुठल्याही डिझायनरने लिहिलेलं नसतं. त्याने २५ लिहिलेलं असतं आणि पुढे एक अक्षर, एक आकडा, म्हणजे किती सैल-घट्ट बसायचं (फिट) याची प्रमाणित खूण. २५ एफ७ म्हणजे २४.९८० ते २४.९५९. २५ जी६ म्हणजे २४.९९३ ते २४.९८०. तुमच्या हातातला २४.९६ चा दांडा एफ७ चा जवळजवळ नवाकोरा असू शकतो, नाहीतर जी६ चा वीस-तीस मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजलेला. पहिल्या शक्यतेत तुमचं माप योगायोगाने बरोबर. दुसऱ्या शक्यतेत तुम्ही झीज मोजून ती नव्या मालात कारखान्यातूनच घालून देता, आणि बसवताना तो नग छान सैल, गुळगुळीत बसतो. बसवणारा खूश. सहा महिन्यांत सील गळायला लागतं.

म्हणून आधी शोधायची ती न घासलेली जागा. त्याच व्यासाचं पण स्ट्रोकच्या बाहेर राहिलेलं टोक, सर्क्लिपच्या पलीकडची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी, बुशच्या कॉलरखालचा भाग. तिथे मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा, प्रत्येक ठिकाणी ९० अंश फिरवून दोनदा. मग घासलेल्या जागी तसंच. दोन्हींतला फरक म्हणजे झीज, आणि न घासलेल्या आकड्याजवळचा प्रमाणित फिट म्हणजे मूळ माप. न घासलेली जागा सापडतच नसेल तर दुसरा नमुना मागा, तिसरा मागा. आणि काहीही झालं तरी जोडीचा भाग मागा. बुश आला असेल तर दांडा, दांडा आला असेल तर बुश. एकट्या बुशवरून फिट ठरवणं म्हणजे मुलाची पत्रिका न बघता मुलीच्या पत्रिकेचे गुण मोजणं. ‘जोडीचा भाग देत नाहीत हो’ ही तक्रार खरी आहे, पण तो मोजायला द्या असं लेखी पत्र टाकून, थांबून, पुन्हा पत्र टाकल्यावर बऱ्याचदा देतात. थांबायला कुणी तयार नसतं, ही खरी अडचण.

तापमानाचंही तसंच. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. वडोदऱ्यात मे महिन्यात शेडमध्ये ४० असतात. २५ मिलिमीटरचा स्टीलचा दांडा या २० अंशांत सुमारे ६ मायक्रॉन वाढतो, तेवढ्याच मापाचा ब्राँझचा बुश साडेआठ. १०० मिलिमीटरवर तेच २३ आणि ३४ होतात. जी६ ची अख्खी टॉलरन्स (मापातली मान्य सूट) २५ मिलिमीटरला १३ मायक्रॉन आहे, हे लक्षात घेतलं की दुपारी दोनला, लेथवरून नुकत्याच उतरलेल्या नगाचं माप घेऊन ‘ओके’ लिहिणाऱ्याची कीव येते. एसीच्या खोलीत नग आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. एवढा साधा उपाय आहे, पण सकाळपर्यंत कोण थांबणार!

मग आटे. इथला क्लासिक घोळ म्हणजे एम१० × १ (मेट्रिक आटा) आणि जी १/८ (पाइपचा आटा). पहिल्याचा बाहेरचा व्यास १०, दुसऱ्याचा ९.७२८. पिच १ आणि ०.९०७. एकमेकांत दोन फेरे आरामात जातात, मग जड होतात, आणि इथे कारागीर पाना घेऊन जोर लावतो. जी १/२ आणि अर्धा इंच एनपीटी (अमेरिकन पाइप आटा) दोन्ही इंचाला १४ आट्यांचे. एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०, आणि एनपीटी निमुळता. टेफ्लॉन टेप गुंडाळून कमी दाबावर हे निभतं. २०० बारला निभत नाही. पिच गेज खिशात ठेवा, त्याला काही लाख लागत नाहीत. पाइपच्या कोनाचंही बघा. जर्मन धाटणीचे २४ अंशांचे कोन, अमेरिकन ३७ आणि ४५ अंशांचे फ्लेअर एकमेकांवर टेकतात, दाब धरत नाहीत.

ओ-रिंगचा नमुना मोजू नका. स्पष्ट सांगायचं तर जुनी ओ-रिंग कचऱ्यात टाका आणि खोबणी मोजा. वापरलेली रिंग चपटी झालेली असते, तेलाने फुगलेली असते किंवा उष्णतेने आकसलेली. तिचं माप काहीच सांगत नाही. त्यात घराण्यांचा घोळ: अमेरिकन २१४ नंबरची रिंग २४.९९ × ३.५३, मेट्रिक २५ × ३.५, जपानी पी२५ म्हणजे २४.७ × ३.५. ही तिन्ही एकाच काउंटरवर ‘पंचवीसची’ म्हणून मिळतात. रशियन मालावर ०२५-०३०-३० असा नंबर असतो. त्याचा अर्थ दांडा २५, बोअर ३०, रिंगची जाडी ३.० मिलिमीटर. रिंगचा आतला व्यास २५ नसतो, २४.५ असतो, म्हणजे ती दांड्यावर किंचित ताणून बसते. हा नंबर बघून कुणी २५ आतला आणि ३० बाहेरचा व्यास धरून अडीच मिलिमीटर जाडीची रिंग मागवतो. ती खोबणीत छान बसते. दाबली मात्र जात नाही. स्थिर जागी रिंग साधारण १५ ते ३० टक्के दाबली गेली पाहिजे, सरकत्या जागी १० ते २०. खोबणीची खोली मोजून हा हिशेब कागदावर करा, तेव्हाच रिंग मागवा.

रबर म्हणजे रबर, असं समजणं

मांडवीच्या दुकानात रबर विचारलं की दोन प्रकार मिळतात: काळं आणि तपकिरी. पाणबुडीच्या हायड्रॉलिक्समध्ये प्रश्न पहिला हा की आत कोणतं तेल आहे. खनिज तेल असेल तर एनबीआर (नायट्राइल रबर) चालतं आणि ईपीडीएम (दुसरं एक कृत्रिम रबर) फुगून स्पंजसारखं होतं. फॉस्फेट एस्टर असेल तर बरोबर उलटं. वॉटर-ग्लायकॉल असेल तर एनबीआर चालतं, पण पॉलियुरेथेनचं सील हळूहळू विरघळल्यासारखं चिकट होतं, आणि जस्ताचा मुलामा दिलेला कुठलाही भाग त्या तेलात घालायचा नाही. काळा रंग ईपीडीएमचाही असतो आणि एनबीआरचाही, त्यामुळे रंगावरून ओळखणाऱ्याला नमस्कार.

दुसरा प्रश्न वयाचा. आयएसओ २२३० प्रमाणे पॉलियुरेथेन आणि नैसर्गिक रबर ५ वर्षं, एनबीआर आणि निओप्रीन ७, व्हायटन, ईपीडीएम आणि सिलिकॉन १०. तपासणी करून अनुक्रमे २, ३ आणि ५ वर्षं वाढवून मिळतात. हे वय मोल्डिंगच्या तारखेपासून, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नव्हे. पाकिटावर क्युअर डेट नसेल तर ते पाकीट घेऊ नका, कितीही सवलत असो. साठवण २५ अंशांखाली, अंधारात, न ताणता. खिळ्याला टांगलेल्या ओ-रिंगा आणि चालू मोटारीशेजारचं कपाट (मोटारीच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो) या दोन गोष्टी दिसल्या की त्या स्टोअरमधलं बाकी काही बघायची गरज उरत नाही. १०० बारच्या वर दाब असेल तर पीटीएफईची (टेफ्लॉनची) बॅकअप रिंग हवी, नाहीतर रिंग फटीत शिरून कुरतडली जाते. आणि ती दाबाच्या विरुद्ध बाजूला बसते. उलट बसवलेल्या बॅकअप रिंगा इतक्या दिसतात की त्याचं नवल वाटेनासं झालंय.

टीसी आहे ना, मग मटेरिअल बरोबर

धातूचा व्यापारी बारसोबत टीसीची (चाचणी प्रमाणपत्राची) झेरॉक्स देतो. झेरॉक्सची झेरॉक्स. त्यावरचा हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) बारच्या टोकावर ठोकलेला असतो, आणि आपला करवतवाला पहिला काप तिथेच घेतो. त्या क्षणापासून तुमच्याकडे अडीच मीटर अनाथ धातू असतो आणि फाइलमध्ये कुणाचा तरी जन्मदाखला.

काप नेहमी नंबर नसलेल्या टोकाकडून घ्या. कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर नंबर उतरवा, ठिपक्यांच्या पंचने किंवा व्हायब्रो पेन्सिलने, आणि सीलच्या पृष्ठभागापासून लांब. क्यूएपी (गुणवत्ता तपासणीची ठरलेली योजना) वाचा. त्यात कच्च्या मालाच्या टप्प्यावर तपासनीसाचा शिक्का मागितलेला असेल तर मशिनिंग झाल्यावर त्याला बोलावून उपयोग नाही. तो चहा पिऊन, हात जोडून निघून जाईल आणि बरोबर करेल. टीसी कोणत्या दर्जाचा मागितलाय तेही बघा. ईएन १०२०४ चा २.२ म्हणजे कारखान्याने ‘आमचा असा माल साधारण असा असतो’ म्हणणं. ३.१ म्हणजे तुमच्याच हीटची चाचणी, उत्पादन विभागाशी संबंध नसलेल्या माणसाच्या सहीने. ३.२ म्हणजे त्यावर ग्राहकाची किंवा तिसऱ्या पक्षाचीही सही. ३.१ मागितलेल्या ठिकाणी २.२ जोडणारे अजून आहेत.

एक्सआरएफची (धातूतले घटक वाचणारी) पिस्तुलं आता सगळ्यांकडे आली आहेत. चांगली असतात, पण कार्बन वाचत नाहीत. त्यामुळे ३०४ आणि ३०४एल यांतला फरक त्यांना दिसत नाही, त्यासाठी स्पार्कवाली चाचणी लागते. उष्णता-प्रक्रिया झाली की नाही हेही दिसत नाही. समुद्राच्या पाण्याला लागणाऱ्या निकेल अॅल्युमिनियम ब्राँझमध्ये (सी९५८००) अॅल्युमिनियम ८.५ ते ९.५ टक्के, निकेल ४ ते ५, लोखंड ३.५ ते ४.५ आणि ते निकेलपेक्षा कमी हवं. बाजारात एबी१ आणि एबी२ दोन्ही ‘अॅल्युमिनियम ब्राँझ’ म्हणून विकतात. एबी१ मध्ये निकेल जवळजवळ नसतं. आणि घटक बरोबर असूनही ओतकामानंतर ६७५ अंशांच्या आसपास सहा तास अॅनीलिंग मागितलेलं असताना ते गाळलं, तर समुद्राचं पाणी त्या धातूतला एकच घटक निवडून खातं. बाहेरून माप तेच राहतं, ताकद जाते. पिस्तूल मारून हे कळणार नाही. भट्टीचा चार्ट मागा, त्यावर तारीख आणि हीट नंबर बघा.

कागद खोटा असला तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. वॉशिंग्टन राज्यात टाकोमा इथली एक ओतशाळा अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांच्या हलसाठी उच्च ताकदीच्या स्टीलचं ओतकाम पुरवायची. तिथल्या मेटलर्जिस्टने १९८५ ते २०१७ या काळात २४० पेक्षा जास्त ओतकामांच्या ताकदीच्या आणि चिवटपणाच्या चाचण्यांचे आकडे बदलले. नौदलासाठी तिथे झालेल्या ओतकामाचा जवळजवळ निम्मा भाग. २०२० मध्ये कंपनीने सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर भरून तडजोड केली, २०२१ मध्ये त्या मेटलर्जिस्टने गुन्हा कबूल केला, २०२२ मध्ये अडीच वर्षांची कैद झाली. कारण वाचा. काही चाचण्या उणे १०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे ७३ सेल्सिअसला घ्यायच्या होत्या, आणि तिच्या मते ती अट मूर्खपणाची होती.

हे वाचून हसू नका. ‘एवढ्या थंडीत पाणबुडी कुठे जाते?’ हा प्रश्न मकरपुऱ्यातही विचारला जातो, फक्त वेगळ्या शब्दांत. ‘मिठाच्या फवाऱ्यात इतके तास कशाला?’ ‘दाब चाचणीला अर्धा तास कशाला, दोन मिनिटांत कळतं की.’ चार्पीचा (घाव घालून चिवटपणा मोजायच्या चाचणीचा) नमुना इतका थंड करण्यामागे समुद्र तेवढा थंड असतो असं कुणाचंच म्हणणं नाही. जवळच्या स्फोटाचा धक्का बसला तर स्टील काचेसारखं तडकू नये, त्याच्या चिवटपणाला भरपूर शिल्लक राहावी, म्हणून चाचणी कडक. अट का आहे हे समजलं नाही तर विचारायचं. ती पाळली असं दाखवून पुढे जाणं हा वेगळा धंदा आहे.

सुटलेल्या जोड्या, मारलेल्या कडा

सर्व्हो व्हॉल्व्हचा स्पूल (तेलाची वाट उघड-बंद करणारा सरकता दांडा) आणि त्याची स्लीव्ह (बाहेरची नळी) एकमेकांसाठी लॅप केलेली, म्हणजे घासून जुळवलेली असते. मधली फट २ ते ५ मायक्रॉन. दहा जोड्या एकाच ट्रेमध्ये डिझेलने धुवायला टाकल्या की दहा जोड्या गेल्या. त्या पुन्हा लावता येतील, सगळे स्पूल सगळ्या स्लीव्हमध्ये जातीलही, काही अडकतील, काही गळतील. खणांचा ट्रे घ्या, खणाला नंबर द्या, एका वेळी एकच जोडी बाहेर काढा.

याच कामात दुसरी वाईट सवय म्हणजे कडा मारणं. लेथवरच्या प्रत्येक माणसाला शिकवलेलं असतं की धार बोटाला लागू नये, एमरी फिरव. स्पूलच्या लँडची (जाड भागाची) कड तेल मोजून सोडते. तिथे ड्रॉइंगवर ‘धारदार कड’ लिहिलेलं असतं आणि एमरीच्या एका हाताने ती गोल होते. मग हँडल मध्यावर असूनही तेल झिरपत राहतं आणि हायड्रोप्लेन एका जागी स्थिर राहत नाही. स्पूलचं काम करणाऱ्या बाकावर एमरी पेपर ठेवूच नका. ज्याच्या हाताला सवय आहे तो ती वापरणारच. कॉटन वेस्टही तिथून हाकला. तिचा एक तंतू पाच मायक्रॉनच्या फटीत काय करतो ते एकदा मायक्रोस्कोपखाली बघा.

तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ च्या तीन आकड्यांत लिहितात. १८/१६/१३ म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रॉनवरचे कण १३०० ते २५००, ६ वरचे ३२० ते ६४०, १४ वरचे ४० ते ८०. आकडा एकाने वाढला की कण दुप्पट. ‘नवा बॅरल उघडला, तेल स्वच्छच आहे’ हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याला टेस्ट बेंचपासून लांब ठेवा. नव्या बॅरलचं तेल सर्व्हो व्हॉल्व्हला लागतं त्याहून बहुधा घाणच असतं. ते गाळूनच टाकीत घाला.

जादाची जाळी आणि ओला व्हॉल्व्ह

१० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची थ्रेशर पाणबुडी १२९ माणसांसह बुडाली. चौकशीचा निष्कर्ष असा: बहुधा इंजिन विभागातला समुद्राच्या पाण्याचा पाइप सांध्यात फुटला, वीज आणि प्रेरणाशक्ती गेली, आणि मग बॅलास्ट टाक्या (पाणी भरून पाणबुडी बुडवणाऱ्या) हवेने रिकाम्या करून वर येता आलं नाही. तिच्या आधीच्या दुरुस्तीत चांदीच्या ब्रेझिंगचे १४५ सांधे अल्ट्रासॉनिकने तपासले होते, त्यांतले सुमारे १४ टक्के दर्जाला उतरले नव्हते. उरलेले तपासायला वेळ नव्हता.

पण आपल्या कामाचा भाग हवेचा. नंतर त्याच जातीच्या टिनोसा पाणबुडीवर गोदीत टाक्या फुंकून बघितल्या, तेव्हा उच्च दाबाच्या हवेतली आर्द्रता व्हॉल्व्हच्या जाळीवर बर्फ होऊन बसली आणि काही सेकंदांत हवेची वाट बंद झाली. दाब एकदम उतरला की हवा भयंकर थंड होते. ओलावा असेल तर तो गोठणारच, आणि गोठायला बारीक जाळीइतकी सोयीची जागा नाही. जाळी तिथे होती ती व्हॉल्व्हला कचऱ्यापासून वाचवायला.

हवेच्या व्हॉल्व्हमध्ये ‘आणखी सुरक्षित’ म्हणून बारीक जाळी घालणारा, ‘जाळीची तार जरा जाड घेतली, टिकेल’ म्हणणारा, दोघांनी हे वाचावं. मेश, तारेची जाडी, मोकळं क्षेत्रफळ यांतलं काहीही मंजुरीशिवाय बदलू नका. दुसरी गोष्ट, हवेच्या व्हॉल्व्हची दाब चाचणी पाण्याने घेता तेव्हा बॉडीच्या आंधळ्या भोकांत पाणी उरतं. कापडाने पुसून, तोंडाला प्लास्टिकची टोपी लावून पाठवलेला व्हॉल्व्ह आत ओला असतो. सुटे करा, ६०-७० अंशांवर काही तास ओव्हनमध्ये ठेवा (आत कोणतं रबर आहे ते बघून), मग कोरड्या नायट्रोजनने फुंका. कंप्रेसरची हवा नको. मकरपुऱ्यातल्या कंप्रेसरचा ड्रेन पावसाळ्यात उघडून बघा म्हणजे का ते कळेल. उच्च दाबाच्या हवेच्या भागांना साधं ग्रीस लावू नका. हवा एकदम दाबली गेली की खनिज तेल पेट घेऊ शकतं.

सिंक्रो : शून्यावर बरोबर, बाकी उलट

सुकाणूचा कोन कंट्रोल रूममध्ये दाखवतात ते सिंक्रो, रशियन मालात सेल्सिन. अमेरिकन पद्धतीच्या नावातच सगळं लिहिलेलं असतं: ११सीएक्स४ म्हणजे सुमारे १.१ इंच व्यास, कंट्रोल ट्रान्समीटर, ४०० हर्ट्झ. २३टीएक्स६ म्हणजे ६० हर्ट्झ. ४०० वाला ६० किंवा ५० हर्ट्झवर लावला तर गरम होऊन जळतो. व्होल्टेज जुळतंय म्हणून लावणारे असतातच.

तारांचा घोळ जास्त वाईट. एस१ आणि एस३ (एस म्हणजे स्थिर भागाच्या तारा, आर म्हणजे फिरत्या भागाच्या) आदलाबदल झाले की दिशा उलटते. आर१ आणि आर२ उलटले की १८० अंशांचा फरक पडतो. तिन्ही एस चक्राकार सरकले की १२० अंशांचा. यात दिशा उलटणं सर्वांत धोक्याचं, कारण शून्यावर काटा शून्यच दाखवतो. सुकाणू मध्यावर ठेवून ‘काटा मध्यावर आहे, ओके’ लिहून सही करणारा माणूस डावीकडे वळताना उजवीकडे दाखवणारा काटा पास करतो. तपासणी शून्यावर करा, मग दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन कोनांवर करा.

११५ व्होल्टच्या ट्रान्समीटरचा विद्युत शून्य शोधताना एस१-एस३ मध्ये व्होल्टेज शून्य येतं. ते १८० अंशांवरही शून्यच येतं. म्हणून आर२ आणि एस३ जोडून आर१ ते एस२ मोजा. खऱ्या शून्यावर सुमारे ३७ व्होल्ट, चुकीच्या बाजूला सुमारे १९३. मीटर आधी ३०० च्या रेंजवर ठेवा. विद्युत चाचण्यांचा अधिकृत अहवाल हवा असेल तर मकरपुऱ्यातच एर्डा या विद्युत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

थोडक्यात आटोपण्यासारख्या

बेअरिंग ‘स्वच्छ करायला’ कंप्रेसरच्या हवेने गरागरा फिरवू नका. जायरोचं पी४ या अतिअचूक वर्गाचं बेअरिंग त्यात मरतं, आवाज मात्र छान येतो. पाकीट बसवायच्या क्षणीच फोडा.

कठीण स्टीलच्या बोल्टला, स्प्रिंगला झिंक किंवा कॅडमियमचा मुलामा दिला की चार तासांच्या आत १९० अंशांवर भाजायला घाला, कडकपणा जास्त तितके तास जास्त, ४० एचआरसीच्या (रॉकवेल कडकपणाच्या) वर २३-२४ तास. मुलामा देणाऱ्या जॉबवर्कवाल्याला हे माहीत आहे असं धरू नका, त्याच्याकडे ओव्हन आहे का ते जाऊन बघा.

होकायंत्राजवळ ३०४ चे बोल्ट ‘स्टेनलेस आहे, चुंबक लागत नाही’ म्हणून देऊ नका. थंड ठोकून बनवलेल्या ३०४ ला चुंबक लागतं. चुंबक खिशात ठेवा.

समुद्राच्या साचलेल्या पाण्यात ओ-रिंगखाली ३१६ लाही खड्डे पडतात. मूळ भाग मोनेलचा (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा) असेल तर ‘३१६ पण मरीन ग्रेडच’ हे कारण चालत नाही.

केबल, रंग, चिकटवण यांत पर्याय सुचवू नका. पाणबुडीत बाहेरची हवा येत नाही. जळल्यावर आम्ल सोडणारी पीव्हीसीची केबल आणि महिनाभर वास मारणारं अॅढेसिव्ह तिथे माणसांच्या नाकात जातं. करारात पाऱ्याची मनाई असेल तर शेडमधला पाऱ्याचा थर्मामीटरही हलवा.

कोडमधले शून्य गाळू नका. १३ आकडी नाटो स्टॉक नंबरमध्ये पहिले चार आकडे गटाचे (५३३१ म्हणजे ओ-रिंग, ६६०५ म्हणजे नौकानयनाची उपकरणं), पुढचे दोन देशाचे, भारताचे ७२. एक्सेलने शून्य खाल्लं की तुम्ही भलत्याच वस्तूची किंमत भरता.

पुरात भिजलेला माल वाचवायचा मोह टाळा. २०१९ मध्ये आणि २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा बंद पाकिटातली बेअरिंगं आणि सिंक्रो बाहेरून पुसून पुन्हा फळीवर ठेवायची इच्छा भल्याभल्यांना झाली असेल. गाळाचं पाणी पाकिटाच्या शिवणीतून जातं आणि आत महिनाभराने गंज दिसतो. असा माल आणि इन्स्पेक्शनमध्ये नापास झालेला प्रत्येक नग लाल रंग फासून कोपऱ्यात ठेवू नका. रंग उडतो, माणसं बदलतात, आणि दिवाळीच्या गर्दीत दोन नग कमी पडले की कुणाला तरी तो कोपरा आठवतो. ग्राइंडरने आरपार दोन तुकडे करा, फोटो काढा, फाइलला लावा, आणि तुकडे त्याच दिवशी भंगारवाल्याला द्या.